कडू-गोड नारिंगी बाटली आणि घरचं कॉकटेल: काय घालायचं, काय नाही

२०१९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सने एक लेख छापला. ॲपेरोल या कडू-गोड इटालियन दारूपासून बनणारं ॲपेरोल स्प्रिट्झ हे काही चांगलं पेय नाही, असं त्यात सरळ म्हटलं होतं. गोडमिट्ट ॲपेरोल, त्यात हलक्या प्रतीची प्रोसेको म्हणजे इटालियन फेसाळ वाइन, भलामोठा पेला आणि वर संत्र्याची चकती, अशी लेखाची तक्रार होती. वाचक तुटून पडले आणि कित्येक दिवस वाद पेटता राहिला. पुढे २०२२ मध्ये दोन कलाकारांच्या गप्पांचा एक छोटा व्हिडिओ जगभर फिरला आणि 'नेग्रोनी स्बाल्यातो' हे नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांच्याही तोंडी बसलं.

या दोन्ही पेयांच्या मुळाशी ॲपेरोल किंवा कॅम्पारी अशी लाल-नारिंगी रंगाची, कडू-गोड इटालियन बाटली आहे. फोटो पाहून अनेक जण ती घरी आणतात, अंदाजाने काहीतरी मिसळतात आणि दोन घोटांत हिरमुसतात. पेय एकतर पाकासारखं गोड होतं, नाहीतर औषधासारखं कडू. मग दोष बाटलीला दिला जातो.

दोष बाटलीचा नसतो. ही बाटली मुळातच अर्धं तयार कॉकटेल आहे. कडवटपणा, साखर, सुगंध आणि थोडी दारू हे सगळं तिच्यात आधीच आहे. आंबटपणा, गारवा, पाणी आणि बुडबुडे मात्र नाहीत. जे नाही तेवढंच घालायचं आणि जे आहे ते पुन्हा घालायचं नाही, हे एकदा समजलं की पाककृती पाठ करायची गरज उरत नाही.

बाटलीत असतं तरी काय?

ॲपेरिटिफ म्हणजे जेवणाआधी, भूक चाळवण्यासाठी घेतलं जाणारं पेय. इटलीत त्याला ॲपेरिटिवो म्हणतात. संध्याकाळी कामं आटोपल्यावर आणि जेवायला बसण्याआधी लोक बारमध्ये थोडा वेळ टेकतात, त्या वेळेलाही तेच नाव आहे.

ही पेयं बनवण्याची रीत साधारण एकच. झाडांच्या साली, मुळं, फळांची सालं आणि वनस्पती दारूत आणि पाण्यात भिजत ठेवायच्या, त्यांचा अर्क उतरला की गाळायचं, मग साखर, पाणी आणि रंग घालायचा. नारिंगी कुळातल्या बाटल्यांत मान असतो कडू संत्र्याच्या सालीला. हे आपण सोलून खातो ते संत्रं नव्हे. त्याचा रस आंबट असतो आणि साल जाड, कडू, पण विलक्षण सुगंधी. मार्मलेड याच फळाचं करतात. ॲपेरोलमध्ये कडू आणि गोड अशी दोन्ही संत्री असतात. शिवाय जेन्शियन नावाच्या डोंगराळ भागातल्या झाडाचं मूळ, रुबार्ब नावाची वनस्पती आणि सिंकोना या झाडाची साल. पूर्ण पाककृती कंपनी सांगत नाही.

पादुआ शहरातल्या लुइजी आणि सिल्व्हिओ बार्बिएरी या भावांनी १९१९ मध्ये तिथल्या व्यापारी जत्रेत ॲपेरोल लोकांपुढे आणलं. त्यात दारू फक्त ११ टक्के, म्हणजे साध्या वाइनपेक्षाही किंचित कमी. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, व्हेनिसमध्ये सिलेक्ट आलं. ते १७.५ टक्क्यांचं, रंगाने अधिक लाल आणि चवीला अधिक वनस्पतींकडे झुकणारं. या दोघांची थोरली बहीण म्हणजे कॅम्पारी. गास्पारे कॅम्पारी यांनी ती १८६० मध्ये नोव्हारात तयार केली आणि पुढे मिलानच्या गॅलेरिया या प्रसिद्ध बाजारपेठेत आपलं कॅफे थाटलं. कॅम्पारीत इटलीत २५ टक्के दारू असते, इतर देशांत हा आकडा थोडा कमी-जास्त होतो. ती ॲपेरोलपेक्षा बरीच कडू आहे. गंमत म्हणजे २००३ पासून ॲपेरोलही कॅम्पारीच्याच मालकीचं आहे, त्यामुळे दुकानात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोन बाटल्या एकाच घरच्या आहेत.

घरी पहिली बाटली आणायची असेल तर ॲपेरोल आणावं, कारण चुका तिथे खपून जातात. कडू चव आधीपासून आवडत असेल तर मात्र सरळ कॅम्पारीपासून सुरुवात करावी. ती जास्त ठिकाणी कामाला येते.

पण कडू मुद्दाम कशाला प्यायचं?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. निसर्गातली अनेक विषं कडू असतात आणि आपली जीभ त्यांच्याबाबतीत फार सावध असते. गोड ओळखायला जिभेवर जवळजवळ एकाच प्रकारचा ग्राहक, म्हणजे चव पकडणारं प्रथिन, पुरतो. कडू ओळखायला मात्र माणसाकडे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. म्हणून लहान मूल कडू थुंकून टाकतं.

मोठेपणी आपण कडू चवीशी जुळवून घेतो. कोरी कॉफी आणि गडद चॉकलेट याच वाटेने आवडू लागतात. घातक नाही हे शरीराला पटलं की तोच कडवटपणा चवीला खोली देतो, आणि महत्त्वाचं म्हणजे गोडाला आवर घालतो. नुसत्या गोड पेयाचे दोन घोट घेतले की जीभ कंटाळते. त्यात कडू असेल तर प्रत्येक घोटानंतर तोंडातली गोडी पुसली जाते आणि पुढचा घोट हवासा वाटतो.

जेन्शियनच्या मुळात अमारोजेंटिन नावाचा पदार्थ असतो. माहीत असलेल्या नैसर्गिक पदार्थांतल्या सर्वांत कडू पदार्थांत त्याची गणना होते. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन येतं. टॉनिक वॉटरला कडवटपणा देणारं आणि एकेकाळी मलेरियावरचं मुख्य औषध असलेलं तेच हे. इतकी कडू द्रव्यं पिण्याजोगी करायची तर साखर भरपूर लागते, आणि ती बाटलीत आधीच घातलेली असते. घरच्या कॉकटेलचा घोळ नेमका इथे होतो. चव कडू लागली म्हणून माणूस आणखी साखर किंवा गोड रस ओततो. कडू तर जात नाहीच, वर गोडही डोक्यावर चढतं.

या पेयांनी पचन सुधारतं असंही ऐकू येतं. कडू चवीने तोंडाला पाणी सुटतं हे खरं. पण दारू हे पचनाचं औषध नाही, आणि त्या कारणाने कुणी पिऊ नये.

स्प्रिट्झ: तीन, दोन, एक

एकोणिसाव्या शतकात व्हेनिस आणि आसपासचा व्हेनेतो प्रांत ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजवटीखाली होता. तिथली वाइन उत्तरेकडून आलेल्या लोकांना जड वाटे आणि ते तिच्यात पाणी घालत, अशी या पेयाच्या जन्माची कहाणी सांगतात. पाण्याच्या जागी पुढे सोडा आला, विसाव्या शतकात त्यात कडू ॲपेरिटिफ आलं, आणि साध्या वाइनची जागा बुडबुड्यांच्या प्रोसेकोने घेतली ती तर बरीच अलीकडे.

आज आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या यादीत असलेलं प्रमाण सोपं आहे: ९० मिली प्रोसेको, ६० मिली ॲपेरोल आणि सोड्याचा शिडकावा. सोडा ३० मिली धरला की तीन, दोन, एक असा हिशेब लक्षात राहतो. घरी मापाचा छोटा कप नसेल तर कुठलीही एक वाटी घ्या आणि तिनेच तिन्ही मोजा. प्रमाण महत्त्वाचं, मिली नव्हे.

आता प्रत्येक घटक काय काम करतो ते बघू. ॲपेरोल कडू, गोड आणि सुगंध देतं. प्रोसेको आंबटपणा आणि बुडबुडे देते. सोडा पाणी देतो. राहिला गारवा, तो बर्फाचा. यातलं कोणतंही काम नीट झालं नाही की पेय बिघडतं, आणि बहुतेक वेळा बिघाड प्रोसेकोत किंवा बर्फात असतो.

प्रोसेकोच्या बाटलीवरचे शब्द फसवे आहेत. 'ब्रूट' लिहिलेल्या बाटलीत लिटरमागे साखर १२ ग्रॅमपर्यंत असते. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हटलं की ती १२ ते १७ ग्रॅम, आणि नुसतं 'ड्राय' म्हटलं की १७ ते ३२ ग्रॅम. ड्राय म्हणजे कमी गोड असं समजून घेतलेली बाटली त्यामुळे तिघींत सर्वांत गोड निघते. ९० मिलीच्या हिशेबात ब्रूटमधून पेल्यात जास्तीत जास्त एक ग्रॅमच्या आसपास साखर येते, ड्रायमधून तीन ग्रॅमपर्यंत. आकडे छोटे वाटतात. पण ॲपेरोलची साखर आधीच पेल्यात असताना हे दोन ग्रॅम जिभेला स्पष्ट कळतात. स्प्रिट्झसाठी ब्रूटच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

महागडी शॅम्पेन मात्र घालू नये. प्रोसेकोचे बुडबुडे मोठ्या बंद टाकीत होणाऱ्या दुसऱ्या आंबवणीतून येतात. फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी या रीतीचं पेटंट १८९५ मध्ये घेतलं. या रीतीमुळे प्रोसेकोची चव फळांची, ताजी राहते. शॅम्पेन बाटलीतच यीस्टबरोबर दीर्घकाळ मुरते, तिला पावाचा आणि सुक्या मेव्याचा वास येतो. तो नाजूक वास संत्र्याच्या सालीपुढे टिकत नाही. प्रोसेको नसेल तर गोड नसलेली कोणतीही फेसाळ वाइन चालते. तीही नसेल तर साधी, आंबटसर व्हाइट वाइन घ्या आणि सोडा दुप्पट करा. हे काम भागवणं अजिबात नाही. व्हेनेतोमध्ये स्प्रिट्झ पूर्वी असाच होता.

बर्फ भरपूर टाकला तर पेय पाणचट होणार नाही?

उलट होतं. दोन-तीन खडे टाकले की तेच लवकर वितळतात. ओझं चौघांनी उचललं की कुणाच्याच कमरेवर येत नाही, तसं पेला काठोकाठ बर्फाने भरला की पेय गार करण्याचं काम सगळ्या खड्यांत वाटलं जातं आणि प्रत्येक खडा थोडाच झिजतो.

हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. फ्रीझरमधून काढलेला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो. तो शून्य अंशापर्यंत येईस्तोवर न वितळताच पेयातली उष्णता ओढून घेतो. पेल्यात असा २०० ग्रॅम बर्फ असेल आणि १८० मिली पेय फ्रीजमधून ६ अंशांवर आलेलं असेल, तर ते शून्याजवळ जाताना बर्फ जवळजवळ वितळतच नाही. तेच पेय २५ अंशांवरच्या बाटल्यांतून ओतलं तर गार होईपर्यंत पेल्यात सुमारे ३० मिली पाणी उतरतं. म्हणजे प्रमाणात सांगितलेल्या सोड्याइतकंच पाणी नकळत आत गेलं. पाणचट स्प्रिट्झचं कारण जास्त बर्फ नसून कोमट बाटल्या आहेत. तिन्ही बाटल्या काही तास आधी फ्रीजमध्ये ठेवाव्या. घरच्या कॉकटेलमध्ये एवढा फरक पाडणारी आणि एवढी बिनखर्ची दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

गारव्याचे आणखी दोन फायदे आहेत. थंड पेयात गोडी कमी जाणवते. आणि कार्बन डायऑक्साइड वायू शून्य अंशाला २० अंशांच्या तुलनेत जवळपास दुप्पट विरघळतो, त्यामुळे बुडबुडे टिकतात. कोमट सोडा उघडताना तो उसळून बाहेर येतो आणि पेल्यात पोचेपर्यंत निम्मा निवलेला असतो.

आधी काय ओतायचं?

आधी बर्फ, मग प्रोसेको, मग ॲपेरोल, शेवटी सोडा. यामागे कारण आहे. ॲपेरोलमध्ये साखर असल्यामुळे ते वाइनपेक्षा जड असतं. वरून ओतलं की लाल-केशरी धागा बर्फाच्या खड्यांमधून वाट काढत तळाशी जातो आणि जाता जाता आपोआप मिसळतो. चमच्याने तळापासून वर एकदाच अलगद उचललं की काम झालं. ॲपेरोल आधी ओतलं तर ते तळाशीच बसून राहतं, मग ढवळत बसावं लागतं आणि ढवळण्यात बुडबुडे जातात.

संत्र्याची चकती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम सालीत आहे. सालीचा अंगठ्याएवढा तुकडा कापा, पांढरा भाग आपल्याकडे आणि रंगीत बाजू पेयाकडे राहील असा पेल्यावर धरा आणि दोन बोटांत दुमडा. उजेडात बघितलं तर बारीक तुषार उडताना दिसतात आणि पेयाच्या पृष्ठभागावर तेलाचे चकाकणारे ठिपके पसरतात. पहिल्या घोटाआधी नाकाला जो वास येतो तो याचा. व्हेनिसमध्ये अनेक ठिकाणी, विशेषतः सिलेक्ट घातलेल्या स्प्रिट्झमध्ये, हिरवं ऑलिव्ह टाकतात. ते मिठाच्या पाण्यातलं असतं, आणि त्याचा उपयोग नुसता तोंडात टाकण्यापुरता नाही. मीठ कडू चव मवाळ करतं.

"तरीही मला फार गोड लागतं"

मग न्यूयॉर्क टाइम्सचं म्हणणं तुमच्यापुरतं खरं आहे, आणि त्यावर उपाय सोपे आहेत. लिंबाचा रस चहाच्या चमच्याने एक चमचा घाला. बाटलीत आंबटपणा नाही, हे आठवत असेलच. किंवा ६० मिली ॲपेरोलऐवजी ४० मिली ॲपेरोल आणि २० मिली कॅम्पारी घ्या. माझ्या मते तीन, दोन, एकपेक्षा हे मिश्रण सरस आहे: रंग गडद होतो आणि शेवटी जिभेवर कोरडा कडवटपणा रेंगाळतो. सगळं ॲपेरोल काढून सिलेक्ट घातलं तरी चालतं.

फार कडू वाटत असेल तर? साखरेकडे हात जाऊ देऊ नका. २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ठेवा आणि पेल्यात त्याचे दोन-तीन थेंब टाका. पेय खारट लागत नाही, पण कडूची धार बोथट होते आणि संत्रं पुढे येतं. अनेक चांगल्या बारमध्ये अशी मिठाच्या पाण्याची छोटी बाटली हाताशी असते.

फेसाळ वाइन नसेल तेव्हा

ॲपेरोलला आंबट हवंच आहे, तर ते थेट लिंबातून द्या. ४५ मिली ॲपेरोल, ३० मिली जिन, २० ते २५ मिली ताज्या लिंबाचा रस. साखरेचं सरबत नाही. शेकरमध्ये बर्फासोबत दहा-बारा सेकंद जोरात हलवा आणि गाळून घ्या. नेहमीच्या आंबट कॉकटेलमध्ये दारू, लिंबू आणि साखर अशी तिकडी असते. इथे साखरेची जागा ॲपेरोलने घेतली आहे.

याच विचाराचा नामांकित नमुना म्हणजे पेपर प्लेन. सॅम रॉस या बारटेंडरने तो २००८ च्या सुमारास शिकागोच्या एका बारसाठी रचला: बर्बन ही अमेरिकन व्हिस्की, ॲपेरोल, आमारो नोनिनो आणि लिंबाचा रस, चारही समान. आमारो म्हणजे इटलीतलीच, जेवणानंतर घेतली जाणारी कडू-गोड वनस्पतींची दारू. साखरेचा थेंबही वेगळा घालायचा नाही, कारण दोन बाटल्यांत ती आहेच.

हलवायचं कधी आणि ढवळायचं कधी, यासाठी एकच खूण पुरेशी आहे. रस असेल तर हलवा, कारण रस आणि दारू नीट एकजीव व्हायला जोर लागतो आणि वर येणारा फेस छान वाटतो. रस नसेल, सगळंच पारदर्शक असेल, तर चमच्याने ढवळा. बुडबुडे असलेली कोणतीही गोष्ट शेकरमध्ये कधीच घालू नका, झाकण उडतं.

कॅम्पारी आणि नेग्रोनीचं घराणं

यातली सगळी पेयं एकमेकांची भावंडं आहेत, म्हणून एक शिकलं की बाकीची आलीच. कॅम्पारीसोबत इथे व्हर्मूथ लागते. व्हर्मूथ म्हणजे वनस्पतींचा अर्क आणि थोडी जास्तीची दारू घातलेली वाइन. आपल्याला हवी ती लाल, गोड जात.

३० मिली कॅम्पारी, ३० मिली लाल व्हर्मूथ आणि वर सोडा म्हणजे अमेरिकानो. सोडा काढून ३० मिली जिन घातली की नेग्रोनी. १९१९ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका कॅफेत काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी आपला अमेरिकानो जरा कडक करून मागितला आणि बारटेंडरने सोड्याऐवजी जिन घातली, अशी त्याची सर्वांत प्रचलित कथा आहे. जिनच्या जागी बर्बन घेतली की बुलेव्हार्दिए. जिनच्या जागी फेसाळ वाइन गेली की झाला तो व्हिडिओतला नेग्रोनी स्बाल्यातो. तो मिलानच्या बार बास्सोमधला. मिर्को स्तोक्केत्तो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जिनऐवजी चुकून फेसाळ वाइनची बाटली उचलली, असं सांगितलं जातं.

नेग्रोनी बर्फासोबत वीस-तीस सेकंद ढवळावी. कडक पेयाला पाणी हवंच असतं. ते कमी पडलं की दारू नाकात चढते आणि चवी सुट्या सुट्या लागतात.

या यादीत घरी सर्वांत कमी होणारं आणि माझ्या मते सर्वांत जास्त व्हायला हवं असं पेय म्हणजे गारिबाल्दी. त्यात फक्त कॅम्पारी आणि संत्र्याचा रस, एकास तीन या बेताने. इटलीच्या एकीकरणाचे सेनानी जुझेप्पे गारिबाल्दी यांचं नाव त्याला मिळालं आहे. रस ताजा काढून मिक्सरमध्ये फेस येईपर्यंत फिरवा, मग कॅम्पारी आणि बर्फावर ओता. हवेने भरलेला रस जिभेवर हलका लागतो आणि कॅम्पारीचा कडवटपणा त्यात पसरतो. डबाबंद रसाने हे जमत नाही.

नेग्रोनीत कॅम्पारीऐवजी ॲपेरोल चालेल का? चालेल, पण मग व्हर्मूथ कमी करा. नाहीतर दोन गोड बाटल्यांपुढे जिन एकटी पडते.

हे तर हलकं पेय आहे, नाही का?

इथे जरा थांबून हिशेब करू. ६० मिली ॲपेरोल ११ टक्क्यांचं, म्हणजे त्यात ६.६ मिली शुद्ध अल्कोहोल. ९० मिली प्रोसेको ११ टक्क्यांची धरली तर ९.९ मिली. एकूण १६.५ मिली. पाच टक्के दारू असलेली ३३० मिलीची बियरची बाटली घ्या. तिच्यातलं अल्कोहोलही १६.५ मिलीच. वजनात ते साधारण १३ ग्रॅम भरतं.

म्हणजे एक स्प्रिट्झ म्हणजे एक बियर. नेग्रोनीत तिन्ही मिळून सुमारे २४ मिली अल्कोहोल, म्हणजे जवळजवळ दीड बियर, तीही छोट्याशा पेल्यात. अमेरिकानोत ते १२ मिलीच्या आसपास राहतं, म्हणून ज्याला कडू चव हवी पण दारू कमी हवी त्याच्यासाठी तोच बरा. स्प्रिट्झ रंगाने आणि चवीने सरबतासारखा वाटतो, बर्फामुळे भराभर संपतो आणि दुसरा कधी हातात आला ते कळत नाही. यातच त्याचा धोका आहे. सोबत खायला खारट काहीतरी असावं, आणि पिणाऱ्याने नंतर गाडीला हात लावू नये. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गरोदरपणात तर अजिबात नको. क्विनाइनची ॲलर्जी असणाऱ्यांनी लेबल वाचूनच बाटली उघडावी.

एवढा भडक रंग येतो कुठून?

फळांतून नाही. आज बहुतेक बाटल्यांत कृत्रिम खाद्यरंग असतो आणि लेबलवर त्याची नोंद असते. कॅम्पारीचा लाल रंग दीर्घकाळ कोचिनियल नावाच्या किड्यापासून काढलेल्या रंगद्रव्याचा होता. २००६ च्या सुमारास कंपनीने तो बहुतेक ठिकाणी सोडला. काही छोटे उत्पादक अजूनही जुन्या पद्धतीने तोच वापरतात. शाकाहारी वाचकांनी घटकांच्या यादीत 'कार्माइन' किंवा 'ई १२०' आहे का ते जरूर बघावं.

उघडलेली कॅम्पारी कपाटात महिनोन्महिने राहते. ॲपेरोलमध्ये दारू कमी, म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवलेलं चांगलं. व्हर्मूथ मात्र वाइनच आहे, हे लोक विसरतात. उघडल्यावर ती फ्रीजमध्येच हवी आणि दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. घरची नेग्रोनी शिळी लागते तेव्हा बहुधा कपाटातली जुनी व्हर्मूथ कारणीभूत असते.

दारूच नको असेल तर?

इटलीत यासाठी स्वतंत्र बाटल्या आहेत आणि त्या कुणी कमीपणाच्या मानत नाही. क्रोदिनो नारिंगी, सानबित्तेर लाल, दोन्ही १९६० च्या दशकातल्या, छोट्या बाटलीत मिळणाऱ्या, कडू-गोड आणि बिनदारूच्या. बारमध्ये शेजारचा स्प्रिट्झ घेतो तेव्हा दारू नको असलेला क्रोदिनो मागतो, इतकं ते साधं आहे. बर्फाने भरलेल्या पेल्यात ओतून संत्र्याची साल दुमडली की झालं.

त्या मिळाल्या नाहीत तर कडवटपणा टॉनिक वॉटरमधून आणा, कारण त्यात क्विनाइन आहे. ३० मिली कडक कोरा चहा गार करून घ्या, त्यात ३० मिली ताज्या संत्र्याचा रस, एक चमचा लिंबाचा रस आणि मिठाच्या पाण्याचे दोन थेंब घाला, वरून १०० मिली गार टॉनिक वॉटर. चहामुळे तोंडाला तो कोरडेपणा येतो जो एरवी वाइन आणि मुळांचे अर्क देतात. संत्र्याऐवजी ग्रेपफ्रूटचा रस जास्त कडू आणि चवीला उत्तम लागतो, पण तो कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम बदलतो, म्हणून रोजची गोळी चालू असणाऱ्या पाहुण्याला तो देण्याआधी विचारून घ्या. आणि टॉनिक वॉटरच्या बाटलीवरचा साखरेचा आकडाही वाचा. बहुतेकांत ती भरपूर असते, त्यामुळे इथेही वेगळं सरबत घालायचं नाही.